आधी छप्पर, मग बस

तुमचा प्रश्न बराच लांबलचक आहे, म्हणून वाचणाऱ्यांसाठी आधी थोडक्यात मांडतो. तुम्ही सहा जण आहात: दोन निवृत्त कंडक्टर, एक डिझेल मेकॅनिक, एक सीए आणि 'बाकीचे दोघं निव्वळ वेडे' (शब्द तुमचेच). १५ सप्टेंबर २०२३ ला मुंबईची शेवटची डिझेल डबल डेकर ४१५ नंबरवर निघाली तेव्हा तुम्ही अंधेरीला आगरकर चौकात हार घेऊन उभे होतात. तेव्हापासून डोक्यात आहे की एखादी जुनी बस भंगारवाल्याकडे जाण्याआधी घ्यावी, नीट करावी आणि रविवारी लोकांना फिरवून आणावं. इंग्लंडमध्ये हौशी मंडळी हे करतात असं ऐकलंत. ते कसं जमवतात, पैसा कुठून येतो, तिकीट लावता येतं का, आणि सगळ्यात शेवटी, बसला रंग कुठला द्यायचा?

मी मूळचा परळचा. वडील बेस्टच्या दादर वर्कशॉपमध्ये फिटर होते, त्यामुळे डिझेल आणि ग्रीसचा वास म्हणजे मला घरी कुणीतरी परत आल्याचा वास. लंडनच्या दक्षिणेला राहायला येऊन एकोणीस वर्षं झाली, आणि त्यातली सतरा वर्षं शनिवारी मी एका लहानशा गटाच्या शेडमध्ये असतो. पगार नाही. दुपारचा डबासुद्धा स्वतःचा. घरचं खाऊन लष्कराच्या भाकऱ्या भाजणं याला माझी बायको जे म्हणते ते इथे लिहीत नाही.

पहिलं उत्तर तुम्हाला आवडणार नाही. बस घेऊ नका. निदान आत्ताच नको.

माझ्या डोळ्यांदेखत जेवढे गट मोडले त्यातला एकही इंजिनापायी मोडला नाही. इंजिन दुरुस्त होतं. मोडले ते बस कुठे उभी करायची यावरून. नऊ-दहा मीटर लांब, साडेचार मीटरच्या आसपास उंच असं धूड असतं ते. सोसायटीच्या आवारात ते मावत नाही, मित्राच्या शेतात उभं केलं तर पहिल्याच पावसाळ्यात छपराच्या सांध्यातून पाणी आत जातं. वरच्या मजल्याच्या खिडक्यांच्या रबरातून ते झिरपतं, भिंतीच्या आतून खाली उतरतं आणि फरशीच्या कडेला साचतं. बाहेरून रंग चकाचक दिसतो, बोटाने दाबलं की पत्रा आत जातो. युद्धापूर्वीच्या बसचा सांगाडा लाकडी असायचा, तो तर ओल धरली की बिस्किटासारखा भुगा होतो. आमच्याकडे १९३० च्या दशकातली एक बस आली होती. तिचा एक खांब मी नुसता हाताने धरला आणि तो माझ्या हातात आला. गंमत म्हणून सांगत नाही. त्या एका खांबाच्या मागे पुढची चार वर्षं गेली.

म्हणून इथल्या जुन्या, टिकलेल्या संस्थांकडे बघा आणि त्यांना छप्पर कुठे मिळालं ते तपासा. लिंकनशरमधलं सँडटॉफ्टचं ट्रॉलीबस (वरच्या तारांतून वीज घेऊन धावणारी बस) संग्रहालय १९६९ पासून हवाईदलाच्या सोडून दिलेल्या तळावर आहे. स्कॉटलंडमध्ये डनफर्मलिनजवळ लॅथलमंडला जुन्या बसचं मोठं संग्रहालय आहे, ती जागा पूर्वी नौदलाच्या गोदामांची. लंडन बस म्युझियमची मंडळी आधी कोबहॅमला होती. ती शेड दुसऱ्या महायुद्धात विमानांच्या कामासाठी वापरलेली. २०११ मध्ये ते ब्रुकलँड्सला गेले, म्हणजे १९०७ साली बांधलेल्या मोटार शर्यतीच्या जुन्या ट्रॅकवर. मँचेस्टरचं संग्रहालय क्वीन्स रोड डेपोला लागून. कुणी नवी इमारत बांधून सुरुवात केलेली नाही. कुणाच्या तरी कामातून गेलेली उंच दाराची जागा शोधायची, तिच्या मालकाच्या मागे चिवटपणे लागायचं, आणि ती मिळाली की मग बस बघायची. आधी लगीन कोंढाण्याचं.

तुमच्या बाबतीत कोंढाणा म्हणजे भिवंडीकडचं एखादं गोदाम, बंद पडलेली गिरणी, किंवा साखर कारखान्याचा ट्रॅक्टर-ट्रॉलीचा गाळा. दाराची उंची स्वतः टेप लावून मोजा. 'ट्रक जातो हो आरामात' या वाक्यावर विश्वास ठेवून आम्ही एकदा एका गोदामाचं वर्षाचं भाडं आगाऊ भरलं होतं. ट्रक जात होता. डबल डेकर जात नव्हती.

आता इथे हे वेड सुरू कसं झालं ते. बस कामातून गेली की भंगारात, हाच जगभरचा रिवाज. १९५६ मध्ये काही तरुण पोरांनी टी ३१ नावाची, १९२९ साली बांधलेली एक मजली बस वर्गणी काढून विकत घेतली. लंडनची बस खासगी हौसेने वाचवण्याची ती सुरुवात मानतात. ती बस आजही ब्रुकलँड्सला आहे. म्हणजे ज्या वर्षी लंडनच्या रस्त्यावर रूटमास्टर ही लाल डबल डेकर पहिल्यांदा प्रवाशांना घेऊन धावली, त्याच वर्षी कुणाला तरी जुनी बस वाचवावीशी वाटली होती.

रूटमास्टर तुम्हाला माहीतच आहे: मागे उघडा प्लॅटफॉर्म, कोपऱ्यात वळणारा जिना, लाल रंग. १९५४ ते १९६८ या काळात २,८७६ बांधल्या. नेहमीच्या वापरातून शेवटची गेली ९ डिसेंबर २००५ ला, १५९ नंबरवरून. एवढ्या बस हौशी लोकांच्या हाती जिवंत राहिल्या यामागे भावना कमी आणि ॲल्युमिनियम जास्त आहे. सांगाडा ॲल्युमिनियमचा, त्यामुळे गंज कमी. वेगळी चासी नाही, पुढचा आणि मागचा सांगाडा बॉडीला बोल्टने जोडलेला. सगळे भाग एका मापाचे, एका बसचे दुसरीला बसतात. आल्डनहॅमला लंडन ट्रान्सपोर्टचं अवाढव्य ओव्हरहॉल वर्कशॉप होतं, १९८६ ला बंद झालं. तिथे बॉडी उचलून बाजूला काढत आणि पुन्हा जोडताना जी तयार असेल ती लावत. ६४ सीटची बस तिथून बाहेर पडताना दुसरीच झालेली असायची. बाबांना हे फोनवर सांगितलं तेव्हा ते म्हणाले, 'मग यात काय नवीन? आम्ही पण पार्ट फिरवायचोच की.'

तुम्ही घ्याल ती बस लोखंडी असेल, हे लक्षात ठेवा. अशोक लेलँडची कुठलीही चालेल, पण एका मॉडेलची दोन धूडं घ्या. एक चालवायला, एक पार्ट काढायला. दुसरीची लाज वाटून घेऊ नका, तिच्या जिवावरच पहिली चालते.

आणि ती चालली पाहिजे. नुसती चमकवून काचेआड ठेवायची असेल तर हा सगळा उपद्व्याप नको. उभी बस धावत्या बसपेक्षा लवकर मरते. ब्रेकचे लायनर ड्रमला चिकटतात. तेलाची सीलं वाळून चिरतात. टायर एकाच जागी दबून चपटे होतात, मग चाळीसच्या वेगाला स्टिअरिंग थरथरतं. डिझेलच्या टाकीत वरच्या रिकाम्या जागेत दव धरतं, गंज धरतो, तो तळाला बसतो. पहिल्या चढावर डिझेल हेलकावलं की तो सगळा गाळ फिल्टरमध्ये. हे मी पुस्तकात वाचलेलं नाही. हिवाळाभर उभी असलेली बस मी एप्रिलमध्ये नुसती धुऊन, तेलपाणी बघून बाहेर काढली होती. टाकी धुवायची राहिली. ऐन चढावर, आत छत्तीस माणसं, इंजिनाने दोन आचके दिले आणि गप्प. मागे सायकलवाल्यांची रांग. प्रवाशांना मात्र कोण आनंद! एका आजीबाईंनी थर्मास काढून मला चहा दिला आणि म्हणाल्या, आमच्या वेळी पण इथेच बंद पडायची. तेव्हापासून आमच्याकडे नियम आहे: फेऱ्यांच्या दिवशी एक बस ड्रायव्हरसकट रिकामी उभी. ती दिवसभर हलली नाही तर उत्तमच.

महिन्यातून एकदा तरी इंजिन चालू करा असं लोक सांगतात. नुसतं चालू करून दहा मिनिटांत बंद करणं हे न करण्यापेक्षा वाईट. इंजिन पुरतं तापत नाही, आत पाणी धरतं. निदान पंधरा-वीस किलोमीटर फिरवा, ब्रेक गरम होऊ द्या, गिअर सगळे पाडा. जमत नसेल तर हात लावू नका.

ब्रेकवरून आठवलं. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असतं. ड्रम उघडला की आत राखाडी भुकटी दिसते. ती हवेच्या पाइपने उडवण्याचा मोह होतो, कारण आपल्याकडे गॅरेजात तेच करतात आणि बाबांनीही आयुष्यभर तेच केलं. करू नका. ओल्या फडक्याने पुसा, तोंडावर नीट बसणारा मास्क, फडकं पिशवीत बांधून वेगळं. तुमच्या डिझेलवाल्या मित्राला हे दोनदा सांगा. अनुभवी माणूसच ऐकत नाही.

चालवण्याबद्दल दोन शब्द लिहितोच, कारण त्याशिवाय राहवत नाही. रूटमास्टरच्या आधीची लंडनची बस म्हणजे आरटी, शेवटची १९७९ मध्ये ६२ नंबरवरून गेली. तिचा गिअरबॉक्स प्रीसिलेक्टर. स्टिअरिंगखाली लहानसा दांडा, त्यावर पुढचा गिअर आधीच सांगून ठेवायचा. बस तेव्हा तो घेत नाही. डावीकडे क्लचच्या जागी एक पेडल असतं, ते पुरतं तळापर्यंत दाबून सोडलं की मग सांगितलेला गिअर पडतो. चढ दिसला की तो यायच्या आधीच दुसरा सांगून ठेवायचा, आणि बस कुंथायला लागली की एक लाथ. डोकं सतत पन्नास मीटर पुढे ठेवावं लागतं. यात एक गोम आहे. पेडल अर्धवट दाबलं तर आतल्या स्प्रिंगचा जोर सगळा पायावर येतो आणि पेडल उलटं लाथ मारतं. माझ्या पहिल्या वर्षी मला ती बसली. घोटा टम्म सुजला, दोन आठवडे ऑफिसात लंगडत होतो, आणि विचारणाऱ्याला 'बसने लाथ मारली' असं सांगताना चेहरा गंभीर ठेवणं फार अवघड जातं. आमच्या मास्तरांनी, ते लंडनचे जुने ड्रायव्हर, फक्त एवढंच विचारलं: 'आता कळलं ना?'

तुम्हाला हे शिकायची गरज नाही, पण तुमच्या बसला तिची स्वतःची अशी काहीतरी खोड असेलच. ती ज्याला माहीत आहे असा जुना ड्रायव्हर आधी गाठा. त्याला नुसतं चहाला बोलावू नका, बसमध्ये बसवा, तो बोलताना मोबाइलवर रेकॉर्ड करा. कंडक्टर तुमच्याकडे दोन आहेत, ही तुमची श्रीमंती आहे. इथे उघड्या प्लॅटफॉर्मची बस कंडक्टरशिवाय आम्ही हलवतच नाही. ड्रायव्हर पुढे वेगळ्या केबिनमध्ये, त्याला मागचं काही दिसत नाही. सगळं काम घंटीवर. एक म्हणजे थांब, दोन म्हणजे चल, तीन म्हणजे भरली, पुढच्या स्टॉपला घेऊ नको. मला हे शिकवायला लागले तेव्हा मी म्हणालो, डबल बेल मला पाळण्यात असल्यापासून येते.

तिकिटाचंही तसंच. इथे गळ्यात गिब्सनचं यंत्र असतं, १९५३ पासून चाळीस वर्षं चाललं. कोऱ्या कागदाची गुंडाळी, चकत्या फिरवून भाडं लावायचं, मूठ फिरवली की कर्र्र करून तिकीट बाहेर. पोरं त्या आवाजासाठी पुन्हा पुन्हा तिकीट मागतात. तुमच्या कंडक्टरांकडे पत्र्याची तिकीट पेटी आणि पंच असेल तर तो आजच तेल लावून ठेवा. बसच्या आधी लोकांना तोच आठवेल. पंच 'टिक टिक' वाजवत येणारा माणूस हा बसचा निम्मा भाग आहे आणि तो कुठल्याही लिलावात मिळत नाही.

फेऱ्या कशा आखतात याचं उत्तम उदाहरण म्हणजे इंबर. विल्टशरमध्ये सॉल्सबरीचं पठार आहे, त्यावर हे गाव. १ नोव्हेंबर १९४३ ला गावकऱ्यांना बोलावून सांगितलं की ४७ दिवसांत गाव खाली करा, अमेरिकन सैन्याच्या सरावासाठी हवंय. लोक गेले. युद्ध संपलं. त्यांना परत येऊ दिलं नाही. आजही ती लष्कराची सरावाची जमीन आहे, वर्षातले थोडेच दिवस रस्ता खुला होतो. घरांचे सांगाडे आणि सेंट जाइल्सचं चर्च, एवढंच उरलंय.

२००९ मध्ये बसच्या धंद्यात मुरलेल्या चार टाळक्यांच्या डोक्यात आलं की जिथे कुणीच राहत नाही तिथे आपण बस चालवू. त्यात पीटर हेंडी होते, तेव्हा लंडनच्या सगळ्या वाहतुकीचे प्रमुख आणि स्वतः रूटमास्टरचे मालक. त्यांनी ती जत्रा म्हणून केली नाही. रीतसर नोंदवलेला मार्ग काढला, नंबर २३ए, वेळापत्रक छापलं, वॉर्मिन्स्टर स्टेशनहून सुटणारी सार्वजनिक बस. पहिल्या वर्षी मोजक्या बस होत्या. आता ऑगस्टातल्या त्या एका दिवशी पंचवीसच्या घरात बस धावतात, जुन्या रूटमास्टर जास्त, अधूनमधून एखादी कोरी करकरीत. ओसाड माळावर, रणगाड्यांच्या खुणांमधून, एकामागे एक लाल डबल डेकर येताना दिसतात. 'ब्रेझन बॉटम' नावाचा स्टॉप आहे, तिथे उतरून करण्यासारखं काहीही नाही आणि तरी लोक उतरतात. वरचे पैसे चर्चच्या देखभालीला आणि माजी सैनिकांच्या संस्थेला जातात.

मी तिथे दोनदा कंडक्टरकी केली. यातून तुम्ही घेण्यासारखं एक आहे, ते म्हणजे जाण्याला कारण हवं. नुसतं 'चला, जुन्या बसमधून चक्कर मारू' याला माणसं एकदा येतात. बस त्यांना अशा ठिकाणी नेत असेल जिथे एरवी जाता येत नाही, किंवा अशा मार्गावरून जिथून ती पूर्वी जायची, तर ती नातवंडांना घेऊन येतात. मुंबईची पहिली बस १५ जुलै १९२६ ला अफगाण चर्चहून क्रॉफर्ड मार्केटला गेली. तो रस्ता आजही आहे. रविवारी सकाळी सात वाजता तो बऱ्यापैकी मोकळाही असतो. मला दुसरं काही सुचवायची गरज नाही.

मार्ग ठरला की कुणीतरी आधी लहान गाडीतून, उंच काठी घेऊन, तो पुरता फिरून या. पूल, केबल, मांडवाच्या कमानी, झाडं. फांदी ही डबल डेकरची वैरीण. खालून जाणारा ट्रक तिला रोज छाटतो, पण वरच्या मजल्याच्या उंचीवर तिला कुणी हात लावत नाही. पूर्वी रोजच्या डबल डेकरच छाटायच्या, आता त्या थोड्याच मार्गांवर आहेत. वरच्या पुढच्या सीटवर नेहमी लहान मूल बसलेलं असतं, हे लक्षात घेऊन काठी हलवा.

तिकिटाचं उत्तर गुंतागुंतीचं आहे. इथे तीस वर्षांपेक्षा जुनी बस साध्या मोटारीच्या लायसन्सवर चालवता येते, पण आठपेक्षा जास्त प्रवासी नकोत आणि कुणाकडून पैसा नको. पैसा घेतला की बस 'भाड्याची' झाली. मग बसचं लायसन्स असलेला ड्रायव्हर, ऑपरेटरचा परवाना, तपासणीच्या नोंदी, विमा, सगळं आलं. आणि 'तिकीट नाही, फक्त संग्रहालयाचा प्रवेश घेतो' असं म्हणूनही सुटका नाही, कारण प्रवेशाच्या पैशात फेरी धरली तर तीही भाड्याचीच. म्हणून बरेच गट फेरी खरोखर फुकट ठेवतात आणि माहितीपुस्तिका, चहा-केक, जुन्या तिकिटांच्या प्रती विकतात, दारात डबा ठेवतात. किंवा परवानाधारक ऑपरेटरला सोबत घेऊन रीतसर फेरी काढतात, इंबरसारखी. लग्नांना लाल बस भाड्याने देणं हाही काहींचा मोठा आधार. वर धर्मादाय संस्था म्हणून नोंद असेल तर करदात्याच्या प्रत्येक पौंडाच्या देणगीवर सरकार पंचवीस पेन्स घालतं. चहाच्या टेबलाला कमी लेखू नका. आमच्या शेडच्या छपराचे अर्धे पत्रे केकचे आहेत.

भारतात तुमचं घोडं दोन जागी अडेल. एक, एप्रिल २०२३ पासून सरकारी आणि सार्वजनिक उपक्रमांच्या पंधरा वर्षांवरच्या गाड्यांची नोंदणी पुढे वाढत नाही, त्या भंगार केंद्रात जायच्या. म्हणजे लिलावाची वाट बघत बसलात तर हातात तुकडे येतील. बस 'संग्रहासाठी' मिळावी असा अर्ज ती निवृत्त व्हायच्या आधी, वरपर्यंत, लेखी गेला पाहिजे. दोन, २०२१ मध्ये विंटेज वाहनांचे नियम आले, पण ते पन्नास वर्षांवरच्या दुचाकी आणि मोटारींना डोळ्यासमोर ठेवून. रोजच्या किंवा धंद्याच्या वापराला त्यातही मनाई. बस त्यात बसत नाही. तेव्हा स्वतःच्या नावावर बस घेऊन रस्त्यावर आणण्यापेक्षा, मालकी बेस्ट उपक्रमाचीच ठेवून देखभाल आणि फेरीचा करार तुमच्या संस्थेने करावा, हा मार्ग मला जास्त सरळ दिसतो. आणिक डेपोत बेस्टचं संग्रहालय आहेच. डिझेल डबल डेकर बंद झाली तेव्हा ती तिथे ठेवा अशी मागणीही झाली होती. ते दार आधी ठोठवा. तिथे छप्परसुद्धा आहे.

आता सीएसाहेबांसाठी. बस कुणा एकाच्या नावावर ठेवू नका. आमच्या इथे एका गृहस्थांची बस होती, तीस वर्षं त्यांनी जपली. आम्ही बाकीचे सगळे तिच्यावर राबलो, कारण ती 'आपली' होती. ते गेले. मुलांना बसमध्ये रस नव्हता, त्यांचा काही दोषही नव्हता, त्यांना घर रिकामं करायचं होतं. तीन आठवड्यांत बस परदेशी विकली गेली. आमच्या हातात एक वेळापत्रकाची पाटी राहिली. संस्था करा, विश्वस्त नेमा, आणि बस विकायची झाली तर काय करायचं ते बस घ्यायच्या आधी लिहून सह्या करा. मैत्री घट्ट असताना हा कागद करायला लाज वाटते. तरी करा.

तुम्ही आणखी एक विचारलंत, लोक खरंच येतील का. येतात, आणि बसशी काहीही संबंध नसलेले येतात. मी ब्रिस्टलच्या बांधणीच्या एका जुन्या डबल डेकरवर उभा असतो तेव्हा कुणी ना कुणी विचारतं, तू भारतीय, तू इथे कसा. मग मी १९६३ सांगतो. ब्रिस्टलच्या बस कंपनीने काळ्या आणि आशियाई माणसांना बसवर कामाला घ्यायचं नाही असं ठरवलं होतं. शहरातल्या काळ्या लोकांनी बसवर बहिष्कार घातला, चार महिने. २८ ऑगस्टला कंपनी नमली आणि सप्टेंबरात पहिला गैरगोरा कंडक्टर कामावर आला तो रघबीर सिंग, आपल्याकडचा शीख. अशाच एखाद्या प्लॅटफॉर्मवर, अशाच दांड्याला धरून. हे सांगताना बस हलत असते, दांडा हाताला गार लागत असतो, आणि ऐकणारा उतरायचा स्टॉप चुकवतो.

राहिला रंग. हसू नका, यावरून गट फुटतात. बस वीस वर्षं धावली म्हणजे तिचे चार-पाच अवतार झाले. जाहिराती बदलल्या, पट्टे आले-गेले, दिवे बदलले. कुठलं साल धरायचं? 'मुळात होती तशी' हे ऐकायला बरं वाटतं, पण आल्डनहॅमवाली बस मुळात कुठली, हेच कुणी सांगू शकत नाही. लंडनच्या वाहतूक संग्रहालयाने पहिल्या महायुद्धाच्या काळातली बी-टाइप बस २०१४ ला तयार केली. उन्हाळ्यात ती लाल रंगात लंडनमध्ये फिरली, मग त्याच वर्षी तिला खाकी केली आणि ती फ्रान्स-बेल्जियमच्या जुन्या रणभूमीवर गेली, सैनिकांना नेणाऱ्या बस गेल्या होत्या तशी. दोन्ही रंग खरेच होते. माझं मत विचाराल तर, चालवणाऱ्या माणसांना जे साल आठवतं ते धरा. तुमचे दोन कंडक्टर जी बस रोज हाताळत होते, ती.

पण ठरवण्याआधी, आणि बस ताब्यात आल्यावर पहिल्याच दिवशी, ग्राइंडर हातात घ्यायच्या आत, जिन्याच्या मागे किंवा सीटखाली रुपयाएवढी जागा निवडा. पाण्याचा पॉलिश पेपर घ्या आणि गोल गोल, हलक्या हाताने घासा, मध्ये खोल आणि कडेला उथळ. झाडाच्या खोडासारखी वर्तुळं उमटतील: लाल, खाली दुसरा लाल, मध्येच पिवळसर पट्टा, मग प्रायमर, मग पत्रा. थर मोजून वहीत लिहा, शेजारी नाणं ठेवून फोटो काढा. तेवढी जागा पुढे कधीच रंगवू नका.